आधी मोजा, मग जेट बदला

नवा सायलेन्सर लावून गाडी रस्त्यावर काढली की ती जास्त पळतेय असं हमखास वाटतं. हे वाटणं बहुतेक वेळा कानाचं असतं. आवाज वाढला, हँडलला थरथर वाढली, की मेंदू त्याचा हिशोब वेगात धरतो. प्रत्यक्षात मधल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) ओढ कमी झालेली असते आणि ती कळायला चार-सहा महिने जातात. म्हणून कुठलाही सुटा भाग विकत घेण्याआधी आपल्या गाडीचा आजचा आकडा काढून ठेवावा. त्यासाठी डायनो (चाकावरची पॉवर मोजणारं यंत्र) नसला तरी चालतं.

टॉप गिअरमधली ओढ घड्याळावर मोजणं ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. सपाट, सरळ, रिकामा रस्ता हवा आणि वारा पडलेला हवा; पहाटेची वेळ उत्तम. पंधरा मिनिटं चालवून इंजिन पूर्ण गरम करा. टायरची हवा, टाकीतलं पेट्रोल, चालवणारा, त्याचे कपडे आणि बसण्याची ढब दर वेळी सारखीच ठेवा. नुसतं ताठ बसणं आणि थोडं वाकणं यातल्या फरकानेही निकाल बदलतो. टॉप गिअरमध्ये ४० किमीवर स्थिर व्हा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि ५० ते ८० किमी प्रतितास व्हायला लागलेला वेळ नोंदवा. तीन फेऱ्या एका दिशेने, तीन उलट दिशेने. रस्त्याचा न दिसणारा चढ आणि अंगावर न जाणवणारा वारा अशाने बराचसा वजा होतो.

फोनमधला जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच वेग देतो. दहा सेकंदांच्या मोजणीत त्यामुळे सहज एक सेकंद इकडेतिकडे होतो, म्हणजे १० टक्के चूक. सेकंदाला १० नोंदी देणारा वेगळा रिसीव्हर चांगला. तो नसेल तर मीटरवर रोखलेला कॅमेरा घट्ट बसवा, सेकंदाला ६० फ्रेमने चित्रण करा आणि घरी बसून फ्रेम मोजा. आरपीएमचा काटा असेल तर वेगाऐवजी आरपीएमच पाहा. डिजिटल स्पीडोमीटरचा आकडा टप्प्याटप्प्याने उडतो आणि बहुतेक स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग दाखवतात.

आता या वेळेतून पॉवर काढता येते. समजा गाडी आणि चालवणारा मिळून २२० किलो. ५० किमी म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर, ८० म्हणजे २२.२ मीटर. दोन्ही वेगांच्या वर्गांतला फरक गुणिले वजनाचा निम्मा, म्हणजे साधारण ३३,००० जूल. सरासरी वेळ १०.५ सेकंद आली तर ३३,००० भागिले १०.५, म्हणजे ३.१ किलोवॉट. ही झाली वेग वाढवायला खर्च झालेली पॉवर. हवा आणि टायर यांनी खाल्लेली वेगळी काढायची. त्यासाठी ८० च्या थोडं वर जा, क्लच दाबून गाडी सोडून द्या आणि ८० ते ५० उतरायला किती वेळ लागतो ते पाहा. १४ सेकंद लागले तर ३३,००० भागिले १४, म्हणजे २.४ किलोवॉट. दोन्हींची बेरीज ५.५ किलोवॉट. एक पीएस म्हणजे ७३५.५ वॉट, तेव्हा त्या पट्ट्यात मागच्या चाकावर सरासरी ७.५ पीएस येतेय. चाकं गरगर फिरवायला लागणारी ताकद यात धरलेली नाही, पण आधी आणि नंतर दोन्हीकडे ती सारखीच असल्याने तुलनेला बाधा येत नाही.

सहा फेऱ्यांच्या आकड्यांत किती फरक पडतो तेही लिहून ठेवा, कारण ती तुमच्या मोजण्याची मर्यादा. एकाच दिशेच्या फेऱ्यांत ०.४ सेकंदांचा फरक येत असेल, तर उद्या फिल्टर बदलल्यावर ०.२ सेकंद वाचले म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. हवामानही लिहा. तापमान १० अंशांनी वाढलं की हवा सुमारे ३ टक्के विरळ होते, आणि समुद्रसपाटीपासून १,००० मीटर वर गेलात की ९ टक्क्यांच्या आसपास. थंड सकाळी घेतलेला 'नंतरचा' आकडा भर दुपारच्या 'आधीच्या' आकड्याशी लावला तर कोणताही सुटा भाग जादूचा ठरतो. शक्य तर दोन्ही मोजण्या एकाच सकाळी, तासाभराच्या अंतराने करा. डायनोवर गेलात तरी हाच नियम: एकच डायनो, एकच दिवस, टायरची हवा आणि गाडी बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण सारखा. दोन वेगळ्या डायनोंचे आकडे एकमेकांशी ताडून काही कळत नाही.

आधी हरवलेली पॉवर शोधा

चार-पाच वर्षं चाललेल्या गाडीत सुधारणा करण्याआधी मूळची पॉवर कुठे गळतेय ते पाहणं जास्त फायद्याचं. मेन स्टँडवर मागचं चाक हाताने फिरवा. ब्रेक घासत असेल, चेन एका जागी ताणून दुसरीकडे सैल होत असेल, तर तिथेच ओढ जातेय. चेनचा ढिलेपणा बहुतेक गाड्यांना २० ते ३० मिमी सांगितलेला असतो. चाक फिरवून सगळ्यात ताठ जागी मोजा. क्लच लिव्हरला २ ते ३ मिमी मोकळा खेळ हवा. टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमवर एकदम पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम चढतात पण वेग त्या मानाने वाढत नसेल, तर क्लच सरकतोय. जुन्या प्लेटा हे एक कारण, चुकीचं ऑइल हे दुसरं. ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या गाडीत जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइलच घाला. एमबी प्रतीचं ऑइल स्कूटरसाठी असतं आणि प्लेटा सरकवतं. ऑइल खुणेच्या वर भरल्यानेही नुकसान होतं, क्रँक ते घुसळत बसतो.

मग टॅपेट, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं. मॅग्नेटोवरची 'टी' खूण (पिस्टन सर्वांत वर आल्याची) जुळवा आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतायत का पाहा. हलत नसतील तर पिस्टन चुकीच्या फेरीत वर आलाय, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. लहान एअर-कूल्ड सिंगलमध्ये इन्टेकला ०.०५ ते ०.१० आणि एक्झॉस्टला ०.१० ते ०.१५ मिमीच्या आसपास गॅप असतो, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच शेवटचा. फिलर गेजची पट्टी हलकी अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. बहुतेक सेटिंग इथेच बिघडतं. टॅपेट अजिबात वाजत नाही याचं समाधान मानू नका. व्हॉल्व्ह सीटमध्ये झिजत बसतो तसा गॅप कमी होत जातो, आवाज बंद होतो आणि मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये कोंडला जाणारा दाब जातो, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. किंचित वाजणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा बरा.

टॅपेट बरोबर असल्यावरच कॉम्प्रेशन तपासा. गरम इंजिन, प्लग काढून तिथे प्रेशर गेज लावलेला, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून पाच-सात किका किंवा काटा चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेला आकडा खोटा कमी येतो. साधारण ९ ते १० कॉम्प्रेशन रेशोच्या निरोगी इंजिनात चौरस सेंटिमीटरला १० ते १३ किलो मिळतात. काही कॅमशाफ्टवर सुरू करताना दाब सोडणारा, आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर असतो, तिथे इंजिन ठणठणीत असूनही आकडा कमी दिसतो. आकडा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर, म्हणजे ५ मिली ऑइल टाकून पुन्हा मोजा. प्रेशर चढलं तर रिंग-बोरचं दुखणं, तितकंच राहिलं तर व्हॉल्व्हचं. रिंग गेलेल्या इंजिनावर फ्री-फ्लो सायलेन्सर चढवणं म्हणजे फुटक्या बादलीला मोठा नळ लावणं.

प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिमी. इरिडियम प्लग टिकतो जास्त, पण जुना प्लग मिसिंग देत नसेल तर नव्याने पॉवर वाढत नाही. हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा) आकडा वाचताना सावध राहा: एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये वाढला की गरम. दोन्ही एकाच अर्थाने वाचून चुकीचा प्लग बसवला तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत पाळी येऊ शकते.

हवा आणि जेट

'मोकळा' फिल्टर घेण्याआधी आहे तो फिल्टर खरोखर किती अडवतोय हे मोजता येतं, आणि तेही पारदर्शक नळी आणि पाण्याने. सुमारे दोन मीटर नळी घ्या, तिला यू आकार देऊन पट्टीवर बांधा आणि निम्मी पाण्याने भरा. एक टोक फिल्टर आणि कार्ब्युरेटर यांच्या मधल्या रबरी नळकांड्यात खुपसा, दुसरं उघडं ठेवा. सिंगल सिलिंडरच्या झटक्यांनी पाणी नाचतं, म्हणून नळीत एक जुना लहान जेट (कार्ब्युरेटरमधला बारीक भोकाचा पितळी तुकडा, ज्यातून पेट्रोल येतं) अडकवा, पाणी स्थिरावतं. यूचे दोन्ही हात पुरेसे उंच ठेवा, नाहीतर पाणी इंजिनात जाईल. आता पूर्ण थ्रॉटलवर, जास्त आरपीएमला दोन पातळ्यांत किती फरक पडतो ते पाहा. पाण्याची १० सेमी उंची म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जवळपास १ टक्का. फरक ८ सेमी आला, तर जगातला सर्वोत्तम फिल्टर लावूनही ०.८ टक्क्यापेक्षा जास्त हवा मिळणार नाही. ३० सेमी आला तर फिल्टर बदलायलाच हवा, आणि बहुधा तो नुसता धुळीने तुंबलेला असतो. ही नळी आधी जोडली, तर फिल्टरवरचा खर्च वाचण्याचीच शक्यता जास्त.

फिल्टरचा खोकाच काढून कार्ब्युरेटरला थेट शंकूसारखा फिल्टर लावणं हा प्रकार मला लहान इंजिनावर पटत नाही. तो खोका नुसता धूळ अडवत नाही. त्याचं आकारमान आणि तोंडाची नळी मिळून हवेच्या लाटा अशा जुळवलेल्या असतात की मधल्या आरपीएमला सिलिंडर चांगला भरतो. खोका गेला की तो आधार जातो, शिवाय मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. व्हॅक्यूमवर स्लाइड उचलणाऱ्या सीव्ही कार्ब्युरेटरला याचा फटका सर्वांत जास्त. गाडी अर्ध्या थ्रॉटलवर अडखळते आणि कितीही जेट बदलले तरी पूर्ण सुधारत नाही.

जेटिंग करताना थ्रॉटलच्या मुठीवर आणि हाउसिंगवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. थ्रॉटल किती उघडा आहे त्यावरून दोष कुठे ते ठरतं, आरपीएमवरून नव्हे. बंद ते पाव उघड्यापर्यंत पायलट जेट आणि स्क्रू, पाव ते पाऊण नीडल (स्लाइडला लटकलेली निमुळती सुई), त्यापुढे मेन जेट. सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड मुठीच्या मागे रेंगाळते, तिथे हा हिशोब थोडा ढिला पडतो. सुरुवात मात्र फ्लोटच्या (कार्ब्युरेटरच्या वाटीतली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) उंचीपासून करा. ती चुकली असेल तर सगळेच मार्ग एकदम चुकतात आणि माणूस तीन जेट बदलून थकतो. कार्ब्युरेटर आणि हेडमधल्या रबराला चीर असेल तरी तसंच. चालू इंजिनावर तिथे पाणी फवारा, आरपीएम हलले तर हवा चोरली जातेय.

मेन जेट आधी बसवा, पायलट सर्वांत शेवटी. पूर्ण थ्रॉटलवर ओढत असताना मूठ किंचित मागे घ्या. त्या क्षणी गाडी उलट जास्त जोर दाखवत असेल तर मेन जेट लहान आहे. पूर्ण थ्रॉटलवर भुर्र-भुर्र करत चढत असेल आणि प्लग काळा, कोरड्या काजळीचा निघत असेल तर मोठा आहे. एका वेळी एकच पायरी बदला. कितीही छोटा वाटला तरी फरक चौरसात वाढतो: भोकाचा व्यास १.१० वरून १.१५ मिमी केला की क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढतं. दोन कंपन्यांच्या जेटवरचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, काही भोकाचा व्यास छापतात तर काही प्रवाह. म्हणून एकाच कंपनीचे जेट वापरा. नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त जातं. पायलट स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा: फिल्टरकडे असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन, इंजिनाकडे असेल तर मिश्रणाचा, बाहेर काढला की रिच. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल तर पायलट लीन आहे किंवा बेंड पाइपची (इंजिनातून निघणाऱ्या एक्झॉस्ट पाइपची) गॅस्केट हवा ओढतेय. गॅस्केट आधी तपासा.

प्लगचा रंग पाहून जेट ठरवण्याची पद्धत जुनी आहे, पण शिसं नसलेल्या पेट्रोलवर रंग हळू आणि फिका चढतो. त्यावर ढोबळ अंदाजापुरताच विश्वास ठेवा. वाइडबँड ओ-टू सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा) मिळाला तर काम फार सोपं होतं. बेंड पाइपला १८ मिमी आट्यांचा नट वेल्ड करावा लागतो. सेन्सर आडव्या रेषेच्या वर तिरका ठेवा, म्हणजे साचलेलं पाणी त्यात जात नाही, आणि सायलेन्सरच्या शेपटीजवळ लावू नका, तिथे बाहेरची हवा मागे शिरते आणि मिश्रण खोटंच लीन दिसतं. आकडा लॅम्डामध्ये वाचा: १ म्हणजे पेट्रोल जळायला नेमकी पुरेल इतकी हवा, त्याखाली रिच, त्यावर लीन. पेट्रोलात इथेनॉल किती आहे त्यानुसार हवा-इंधनाचं प्रमाण बदलतं, लॅम्डा बदलत नाही. पूर्ण थ्रॉटलवर ०.८६ ते ०.९० मध्ये पॉवर सर्वाधिक असते. एअर-कूल्ड इंजिन पूर्ण ओढीत ०.९५ च्या वर नेऊ नका. हेड तापतं आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी टकटक) सुरू होतं.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत संथ चालीत ईसीयू (इंधन किती द्यायचं ते ठरवणारा संगणक) सेन्सरचं ऐकून लॅम्डा १ वर आणून ठेवतो, तिथे बाहेरून केलेला बदल तो पुसून टाकतो. पूर्ण थ्रॉटलवर तो बहुधा सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या तक्त्यावरून इंधन देतो. म्हणून सायलेन्सर बदलल्यावर संथ चालीत सगळं छान वाटतं आणि पूर्ण ओढीत मिश्रण लीन होतं. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचे छोटे रेझिस्टर 'पॉवर चिप' म्हणून विकले जातात. ते ईसीयूला हवा थंड असल्याचं भासवतात, बस. इंधन थोडं जास्त जातं, गरज असो वा नसो.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात. एक्झॉस्ट उघडल्यावर दाबाची लाट पाइपमधून जाते आणि मोकळ्या टोकावरून उलटी होऊन परतते. ती दोन्ही व्हॉल्व्ह अर्धवट उघडे असताना पोचली तर जळालेला वायू ओढून घेते. ती वेळ पाइपच्या लांबीवर ठरते, म्हणून आखूड पाइप वरच्या आरपीएमला देतो आणि मधलं घेऊन जातो. शहरात चालणाऱ्या गाडीला हा सौदा तोट्याचा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं रस्त्यावरच्या गाडीत करूच नये.

कॉम्प्रेशन आणि स्प्रॉकेट

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवण्याचं आकर्षण मोठं असतं, म्हणून त्याचा हिशोब एकदा मांडतो. १५० सीसी, ५७ मिमी बोर, रेशो ९.५. पिस्टन वर असताना उरणारी जागा १५० भागिले ८.५, म्हणजे १७.६ सीसी. गॅस्केट ०.३ मिमी पातळ केली की त्यातले ०.७७ सीसी जातात आणि रेशो ९.९ होतो. सिद्धांतानुसार कार्यक्षमता ०.५९४ वरून ०.६०० होते, म्हणजे फायदा एक टक्का. आणि धोके? व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी ०.३ मिमीने जवळ येतात, हेड खाली सरकल्याने कॅमचं टायमिंग थोडं रिटार्ड, म्हणजे उशिराचं होतं, नॉकिंगची सीमा जवळ येते. करायचंच असेल तर पिस्टनवर मऊ माती लावून, हेड आवळून क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि माती कापून जाडी मोजा. जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मात्र नॉकिंग असेल तरच उपयोगाचं, नॉक न करणाऱ्या इंजिनात त्याने पॉवर वाढत नाही.

पिकअप हवा असेल तर माझं मत सरळ आहे: स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) बदला. पुढचं १४ दातांचं काढून १३ चं लावलं की प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क ७.७ टक्क्यांनी वाढतो. इतकं कुठलाही फिल्टर देत नाही. मागचं ४२ वरून ४५ केलं तर ७.१ टक्के. इंजिनाची पॉवर तीच राहते, त्याच वेगाला आरपीएम तेवढे वाढतात आणि लांबच्या प्रवासात मायलेज घटतं. मोजताना इथेच फसगत होते, कारण ५० ते ८० ची वेळ कमी येते आणि इंजिन सुधारल्यासारखं वाटतं. इंजिन तपासायचं असेल तर त्याच आरपीएमच्या पट्ट्यात मोजा. १३ च्या स्प्रॉकेटवर तो पट्टा ४६.४ ते ७४.३ किमीचा होतो. ओढीची आणि उताराची दोन्ही वेळ त्याच दोन वेगांमध्ये घ्या. स्पीडोमीटरचा सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर वाचन बदलत नाही. गिअरबॉक्सवर असेल तर तो आता खऱ्यापेक्षा आणखी जास्त वेग दाखवेल. १३ दातांवर चेन जास्त वाकते आणि स्विंगआर्मच्या रबरी पट्टीला जवळून जाते, म्हणून ती पट्टी दर सर्व्हिसला पाहा. मागचं ४५ लावणार असाल तर चेन आधीच मोजून घ्या. जुनी एक-दोन कड्यांनी तोकडी पडू शकते, आणि झिजलेली चेन नव्या दातांवर चढवली तर दात लवकर खाल्ले जातात.